पाटी, खिडक्या आणि परसातलं बीचचं झाड

पत्र थोडक्यात: ताई, तीन वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमधल्या एका जुन्या गावाच्या हाय स्ट्रीटवर इमारत घेतली. खाली आमचं छोटं उपाहारगृह, वर घर. पहिल्यांदा पाहिली तेव्हाच त्या दर्शनी भागावर जीव जडला होता. इमारत ग्रेड २ लिस्टेड (राष्ट्रीय वारसा यादीतली) आहे आणि रस्ता कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) येतो, हे सॉलिसिटरने सांगितलं होतं, पण त्याचा इतका जाच होईल असं वाटलं नव्हतं. फुटपाथवर चार टेबलं मांडायचा परवाना मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला आणि महिन्याभरात कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) नियमभंगावर कारवाई करणाऱ्या एन्फोर्समेंट विभागाचं पत्र आलं. त्यात तीन मुद्दे आहेत. वरच्या मजल्याच्या पुढच्या चार खिडक्या प्लॅस्टिकच्या आहेत. दारावरची आतून उजळणारी पाटी (नाव मराठीत आणि इंग्रजीत) विनापरवाना आहे. परसातल्या बीचच्या झाडाची एक मोठी फांदी आम्ही न विचारता कापली. खिडक्या आधीच्या मालकाने बसवल्या, त्यात आमचा काय दोष? समोरच्या फोनच्या दुकानाची पाटी आमच्याहून भडक आहे, तिला कोणी काही म्हणत नाही. शेजारच्या बाईंशी पार्किंगवरून वाजलं होतं, त्यांनीच चुगली केली असणार. मिस्टर म्हणतात, उत्तरच द्यायचं नाही, चार वर्षं झाली की कौन्सिलला काही करता येत नाही, आणि झाड पाडून टाकू म्हणजे कटकट मिटेल. आमच्या घरात काय करायचं ते परक्यांनी का ठरवावं? पुढच्या गुरुवारी अधिकारी पाहणीला येणार आहेत. मला रात्र रात्र झोप नाही.

---

बाकीचं वाचण्याआधी एक काम करा. मिस्टरांना करवत शेडमध्ये ठेवायला सांगा आणि शेडची किल्ली तुमच्या पर्समध्ये टाका. खिडक्या आणि पाटी ही प्रकरणं वाटाघाटीने निस्तरतात. झाडाचं तसं नाही. पाडलं की पाडलं.

इंग्लंडमध्ये झाडाला संरक्षण दोन वाटांनी मिळतं. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये.) एक म्हणजे कौन्सिलने त्या विशिष्ट झाडावर काढलेली ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर. ती असेल तर पाडणं सोडाच, फांदी छाटायलाही लेखी परवानगी लागते. दुसरी वाट कॉन्झर्वेशन एरियाची. तिथे ऑर्डर नसली, तरी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलला सहा आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. त्या सहा आठवड्यांत कौन्सिलने ऑर्डर काढली नाही, तर तुम्ही मोकळे. यातल्या कशालाच फी नाही. म्हणजे तुम्ही कापलेल्या फांदीसाठी एक फुकटचा फॉर्म आणि दीड महिन्याची कळ एवढंच लागणार होतं. हे वाचून तुम्हाला हळहळ वाटेल, पण वाटू द्या, कारण पुढच्या वेळी तो फॉर्म तुम्ही भराल.

फांदीपुरतं बोलायचं तर झाड मरणार नसेल तर दंडाची कमाल मर्यादा २,५०० पौंड आहे, आणि एका फांदीसाठी कौन्सिल कोर्टात धावतेच असं नाही. पुष्कळदा समज देऊन सोडतात. संरक्षित झाड पाडलं किंवा जगणार नाही असं छाटलं तर मात्र दंडाला वरची मर्यादाच नाही, शिवाय त्याच जागी दुसरं झाड लावणं बंधनकारक होतं. पूल या समुद्रकाठच्या शहरात एका गृहस्थांच्या घरातून दिसणारा देखावा एका संरक्षित पाइनने अडवला होता. त्यांनी तो पाडवला. दंड झाला ७५,००० पौंड, आणि देखावा खुला झाल्यामुळे घराची किंमत वाढली म्हणून आणखी ५०,००० पौंड जप्त झाले. झाड पाडून तुमचा काय फायदा झाला, हेसुद्धा कोर्ट मोजतं. आणि कौन्सिलचं पत्र हातात असताना, पाहणीची तारीख ठरलेली असताना पाडलेलं झाड कुठल्याही न्यायाधीशापुढे कसं दिसेल, ते मी सांगायला नको.

झाड खरोखर धोकादायक असेल तर कायदा अडवून धरत नाही. मेलेलं किंवा धोक्याचं झाड काढण्यापूर्वी कामकाजाच्या पाच दिवसांची लेखी सूचना पुरते, आणि अगदी आजच कोसळेल अशी वेळ असेल तर आधी काम करून लगेच कळवता येतं. पण ते धोकादायक होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून आधी वृक्षतज्ज्ञाचा लेखी अहवाल आणि भरपूर फोटो. ‘पानं फार पडतात’ हा धोका नव्हे. पत्रात तुम्ही तेच कारण दिलंय म्हणून म्हणते.

आता मिस्टरांची चार वर्षं. हा समज इतका पसरलाय की मला वर्षातून चार-पाच पत्रं तरी याच आशेवर बेतलेली येतात. बिनपरवाना बांधकामाला चार वर्षांची मुदत होती हे खरं, पण इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ पासून ती दहा वर्षं झाली. त्याआधी पूर्ण झालेल्या कामांना जुनी मुदत लागते. पण तुम्हाला त्याचा काहीच उपयोग नाही, कारण लिस्टेड इमारतीत विनापरवानगी केलेल्या बदलाला मुदतच नाही. दहा नाही, वीस नाही, चाळीस वर्षांनीही कौन्सिल नोटीस काढू शकते, आणि ती निघते आजच्या मालकावर.

इथे तुमचा ‘आमचा काय दोष’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरं आहे. कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. परवानगीशिवाय लिस्टेड इमारतीचं रूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दंडाला मर्यादा नाही. तो गुन्हा ज्याने काम केलं किंवा करवलं त्याचा. खिडक्यांच्या बाबतीत तो तुमचा नाही. पण इमारत पूर्ववत करण्याची जबाबदारी इमारतीबरोबर चालत येते, आणि ती तुमच्या गळ्यात आहे. कौन्सिलच्या पत्रात तुम्हाला कोणी गुन्हेगार म्हटलेलं नाही. तुम्ही ते तसं वाचलंत, आणि तिथूनच झोप उडाली असावी.

आणि त्या खिडक्या बेकायदा आहेत हेही अजून ठरलेलं नाही. त्या इमारत लिस्ट होण्याआधी बसवल्या असतील तर त्यांना लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (अशा इमारतीत बदल करण्याची परवानगी) लागतच नव्हती. तुमची इमारत कधी लिस्ट झाली ते नॅशनल हेरिटेज लिस्टवर फुकट बघता येतं. त्या नोंदीत पुष्कळदा दर्शनी भागाचं वर्णनही असतं, खिडक्या लाकडी सरकत्या होत्या की काय, ते. ग्रेड २ म्हणजे कनिष्ठ दर्जा, तिथे फक्त बाहेरचा भाग सांभाळायचा, असं बरेच जण समजतात. तसं नाही. यादीत साधारण चार लाख नोंदी आहेत, त्यातल्या दहातल्या नऊहून अधिक ग्रेड २ च आहेत, आणि संरक्षण जिन्यापासून माळ्यापर्यंत आतल्या भागालाही असतं. १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात उभी असलेली भिंत किंवा शेडही त्यात येते. तेव्हा स्वयंपाकघरातली जुनी चूल हलवायचा बेत असेल तर तोही आत्ताच थांबवा.

खिडक्या किती जुन्या, हे शोधायला पाचेक वाटा आहेत. इमारत घेतानाचं इस्टेट एजंटचं माहितीपत्रक, सर्व्हेयरचा अहवाल, रस्त्याची जुनी छायाचित्रं दाखवणारे इंटरनेटवरचे नकाशे, गावाच्या इतिहास मंडळाचे फोटो, आणि खिडकी स्वतः. हो, खिडकी स्वतः. दुहेरी काचेच्या मधोमध कडेने जी धातूची पट्टी फिरते, तिच्यावर बऱ्याचदा कारखान्याचं नाव आणि बनवल्याचा महिना-वर्ष बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मी एका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात अकरा वर्षं काउंटरवर काढली आहेत. एक आजोबा भिंगाखाली टिपलेल्या त्या पट्टीचा फोटो घेऊन आले होते, आणि तीन महिने चाललेला वाद दहा मिनिटांत संपला. (वाद हरले ते आजोबाच. पण निदान झोपले तरी.)

खरेदीच्या कागदांत आणखी एक गोष्ट शोधा: इन्डेम्निटी इन्शुरन्स, म्हणजे अशा जुन्या त्रुटींमुळे नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. विनापरवाना कामं आढळली की सॉलिसिटर कधी कधी अशी पॉलिसी घेऊन देतात आणि लोक ती विसरून जातात. यातल्या बऱ्याच पॉलिसींत ‘कौन्सिलशी आपणहून संपर्क साधल्यास विमा रद्द’ असं कलम असतं. पत्र कौन्सिलकडून आलंय, तुम्ही गेलेला नाहीत, तरीही उत्तर धाडण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. अधिकाऱ्यांशी चार गोड शब्द बोलून हजारो पौंडांचं संरक्षण गमावू नका. आणि या खिडक्यांबद्दल खरेदीच्या वेळी तुम्हाला स्पष्ट कोणी सांगितलंच नसेल, तर त्याच सॉलिसिटरला लेखी विचारा, का नाही सांगितलं?

समजा खिडक्या लिस्टिंगनंतरच्या निघाल्या. पुढच्या दर्शनी भागावर प्लॅस्टिकला परवानगी मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागाहून परवानगीचा अर्ज करण्यात शक्ती घालवू नये असं माझं मत. त्याऐवजी वेळ मागा. चार खिडक्या एकदम बदलायला कोणाकडे पैसे असतात? ‘या वर्षी दोन, पुढच्या वर्षी दोन, सुताराचं अंदाजपत्रक सोबत जोडलंय’ असं पत्र घेऊन येणाऱ्या मालकावर नोटीस काढायची घाई मी क्वचित पाहिली. थंडीची काळजी असेल तर लाकडी खिडकीच्या आतून दुसरी काच बसवायचा पर्याय आहे, त्याला कॉन्झर्वेशन अधिकारी बहुधा आडकाठी करत नाहीत. तरी विचारून घ्या. लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जालाही फी नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

नोटीस निघालीच तर ती लागू होण्याची तारीख तिच्यात असते, आणि ती हातात पडल्यापासून निदान २८ दिवस पुढची असते. त्या तारखेच्या आत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील गेलं पाहिजे. एक दिवसही उशीर चालत नाही. अपील चालू असेपर्यंत नोटीस थांबते. अपिलात कौन्सिल हरतेसुद्धा. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन या उपनगरात १९८६ साली एका माणसाने घराच्या छपरात डोकं खुपसलेला साडेसात मीटरचा शार्क मासा उभा केला, परवानगी न घेता. कौन्सिल सहा वर्षं भांडली, शेवटी १९९२ मध्ये सरकारनेच मासा राहू दिला. आज त्याच ऑक्सफर्डच्या कौन्सिलने तो शहराच्या वारशाच्या यादीत घातलाय. याच्या उलट गोष्ट लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नची. पब लिस्ट होणार अशी कुणकुण लागताच विकासकाने एप्रिल २०१५ मध्ये तो पाडून टाकला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो विटेला वीट जुळवून परत बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. मासेवाल्याने लढा उघड्यावर दिला होता. तुमच्या मिस्टरांचा करवतीचा बेत मला पबवाल्याच्या जातीचा वाटतो.

पाटीचं प्रकरण सगळ्यात साधं, आणि त्यातच तुमचं मन सगळ्यात जास्त दुखावलंय. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘नाव मराठीत आहे म्हणून तर नाही?’ शंका मनात येणं मी समजू शकते. परदेशात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या कुणाच्याही मनात ती येईल, आणि ती कधीच खरी नसते असं मी म्हणणार नाही. पण इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. इंग्लंडचे जाहिरात नियम २००७ चे आहेत, आणि त्यांत कौन्सिलने दोनच गोष्टी बघायच्या असतात: परिसराचं रूप आणि लोकांची सुरक्षितता. पाटीवर काय लिहिलंय, कुठल्या भाषेत लिहिलंय, हे या दोन्हींशी संबंध असल्याशिवाय नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कुणी तोंडी तसं सुचवलं तर शांतपणे म्हणा, ‘हे मला लेखी द्याल का?’ लेखी आलं तर कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जा. ओम्बड्समन निर्णय बदलत नाहीत, पण कामकाजात दोष होता का, ते तपासतात.

मला वाटतं, अडचण उजेडाची आहे. कॉन्झर्वेशन एरियात उपाहारगृहाच्या उजळणाऱ्या पाटीला आपोआप मिळणारी परवानगी लागू होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. लिस्टेड इमारतीच्या भिंतीत ठोकलेल्या पाटीला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट त्याखेरीज. आणि आतून दिवे असलेली प्लॅस्टिकची पेटी हा प्रकार जुन्या रस्त्यांवर सहसा नाकारला जातो. पाटीच्या बाबतीत मुख्य धोका असा की तिथे आधी नोटीस, मग अपील अशी पायरी नाही. विनापरवाना पाटी लावणं हाच गुन्हा, कौन्सिल थेट कोर्टात जाऊ शकते. दंड २,५०० पौंडांपर्यंत, आणि दोषी ठरल्यावरही पाटी तशीच ठेवली तर दिवसाला २५० पौंडांपर्यंत. तेव्हा गुरुवारच्या आत ती उतरवा. निदान वीज तोडा. उतरवताना भिंतीतले खिळे ओढून काढू नका, विटेचा टवका निघेल. कारागिराकडून सोडवून घ्या. नवी पाटी लाकडी, हाताने रंगवलेली, वरून दोन छोट्या दिव्यांचा उजेड, अशी आखून अर्ज करा. देवनागरी शिरोरेषेला रंगवलेल्या पाटीवर जी ऐट येते ती त्या डब्यात कुठून येणार?

फोनच्या दुकानाची पाटी? तिला परवानगी असू शकते. कौन्सिलच्या प्लॅनिंग रजिस्टरवर पत्ता घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ती जागा दहा वर्षं सतत पाटीसाठी वापरात असेल तर तिला वेगळी सूट असते. किंवा तिच्याबद्दल अजून कोणी तक्रारच केली नसेल. कारवाई करायलाच हवी असं बंधन कौन्सिलवर नाही, हाताशी माणसं थोडी, त्यामुळे जे समोर येतं तेच बघितलं जातं. यात अन्याय होतो, मी तो काउंटरच्या आतून पाहिलाय. पण ‘त्यांना आधी पकडा’ हा तुमचा बचाव होऊ शकत नाही.

आता शेजारच्या बाई. तक्रारदाराचं नाव कौन्सिल सांगत नाही, सांगणारही नाही. पण तुमच्याच पत्रातली तारीख पुन्हा बघा. तुम्ही फुटपाथवरच्या टेबलांसाठी अर्ज केलात आणि महिन्यात हे पत्र आलं. त्या अर्जाला दर्शनी भागाचा फोटो जोडला होता ना? पाटी आणि चारही खिडक्या त्यात ठळक दिसत असणार. तो कागद कुणा कर्मचाऱ्याच्या टेबलावर गेला आणि त्याने मान वर केली, एवढंच झालेलं असू शकतं. असंच झालं असं मी म्हणत नाही. पण मागच्या परसातली फांदी कोणी पाहिली, या एका प्रश्नासाठी भिंतीपलीकडचं नातं कायमचं तोडायचं का, ते ठरवा. पार्किंगचं काय ते बोलून मिटवता येईल. उद्या नव्या पाटीच्या अर्जावर शेजाऱ्यांना मत कळवता येणार आहे, तेव्हा त्याच बाई ‘छान आहे’ असं लिहूही शकतात.

‘आमच्या घरात परक्यांनी का ठरवावं?’ हा प्रश्न मी टाळणार नाही. मला त्याचं अर्धंच उत्तर येतं. ज्या दर्शनी भागावर तुमचा जीव जडला तो तुमच्या आधीच्या कुणाला तरी बदलायचा असणार, आणि तेव्हा कौन्सिलने हात धरला म्हणून तुमच्यापर्यंत पोचला. हे खरं आहे. पण सगळा खर्च मालकाने सोसायचा आणि शोभा मात्र गावाची, ही रचना मला आजही पुरती पटलेली नाही. तुमच्या कौन्सिलरला भेटून हे जरूर सांगा. फक्त गुरुवारच्या भेटीत नको.

गुरुवारी दोघांनी घरी असा. ओळखपत्र बघा, नाव लिहून घ्या. जे माहीत आहे ते सांगा, जे नाही त्याला ‘शोधून कळवते’ म्हणा. फांदी आम्ही कापली, चूक झाली, पुढे नोटीस देऊ, हे सरळ कबूल करायला मी सांगितलं असतं, पण एक गोष्ट आधी तपासा. पत्रात ‘अंडर कॉशन’ हे शब्द कुठे आहेत का? असतील तर ती चौकशी फौजदारी पुराव्यासाठी आहे, आणि प्लॅनिंग जाणणाऱ्या सॉलिसिटरशिवाय एक वाक्यही बोलू नका. ते शब्द नसतील तर चहा विचारायला हरकत नाही. भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते ईमेलने कळवा, चार ओळी पुरतात. इथे भिजत घोंगडं ठेवणाऱ्याच्याच हाती शेवटी नोटीस पडते.

तोवर आज संध्याकाळी अंधार पडल्यावर वरच्या खोलीत जा, दिवा मालवा आणि टॉर्च काचेला तिरपा लावून त्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघा. चारही खिडक्या बघा. चारही एकाच वर्षीच्या असतील असं धरून चालू नका.